झडपेमागची बाई

१४ नोव्हेंबर

ही वही तांदळाच्या दुकानवाल्यानं जानेवारीत फुकट दिली. आजपर्यंत तिच्यावर गरम पातेली ठेवत होते. आज लिहायला घेतली, कारण जे झालं ते कुठंतरी ओकलं नाही तर माझं डोकं फुटेल. घरात सांगायला कोणी नाही. मोठ्यानं बोलावं तर शेजारची तोन्यांग भिंतीला कान लावून बसलेली असते. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर वाकडं आहे. वाचणार मीच, त्यामुळे चालेल.

तर ही मिस तुपास. आमच्या ग्रंथालयाची नवी बाई, शहरातून आलीय. पोरांबरोबर फरशीवर मांडी घालून बसते. ती फरशी पुसते मी. गावात मोठ्या बाईला मानांग म्हणतात, तशी हीपण आज मला म्हणते, "मानांग क्रेसिंग, नाताळासाठी लहान मुलांचं पुस्तक निवडायचंय. समितीत तुम्ही पण आहात."

"मी? मी झाडू मारते."

"फाटलेली पुस्तकं तुम्हीच चिकटवता ना? मग तुमचं मत हवंच."

मत! आणि पुस्तकं कसली, तर झडपांची. चित्रात कागदाचं दार चिकटवलेलं असतं, ते उचललं की खाली मांजर नाहीतर केक. तीन वर्षांचं पोर झडप उचलत नाही, उपटतं. मग मी बसते डिंक आणि कापडी टेप घेऊन, कुठल्या हत्तीचा कान कुठला ते शोधत. मी सरळ सांगितलं, "झडपा नसलेलं घ्या."

ती हसली. "मग मुलं उघडतील काय?"

"पुस्तक!" मी म्हटलं.

त्यावर पण हसली. मी विनोद केला नव्हता.

१८ नोव्हेंबर

विक्रेत्याकडून नमुन्याची पुस्तकं आली. यातलं एकच घ्यायचं. त्याच्या प्रती गावातल्या सगळ्या वाड्यांच्या वाचनखोल्यांत जाणार, बाकीचे नमुने परत. पण परत करायचे तर धड असले पाहिजेत, हे मिसनं मला दोनदा सांगितलं. जसं काही फाडणारी मीच.

निम्मी तर बघूनच बाजूला केली. राहिली दोन. एक परदेशी, जाडजूड, चकचकीत. बर्फ, धुराडं, शिंगांची हरणं. झडपा इतक्या जाड की त्यांवर मासे कापावेत. नगराध्यक्षांच्या बायकोला तेच आवडलं. अध्यक्षीणबाई समितीतली तिसरी. ती म्हणते, फोटोत छान येईल.

दुसरं आपल्याकडच्याच कोणी छापलंय. कागद पातळ. गोष्ट म्हणाल तर आपलं सोंगच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी योसेफ आणि पोटुशी मरिया गाणं म्हणत दारोदार जागा मागतात आणि आतून लोक गाऊनच हाकलतात, तेच. प्रत्येक पानावर एक दार. दार उचललं की कोणीतरी "जागा नाही" म्हणतं. सगळ्यात शेवटी म्हशीचा गोठा.

मिस एकदम खिदळली. "मानांग, हे बघा! शेवटचं दार!"

त्या दाराला झडपेबरोबर एक लाल फीतही होती, ओढायला. ओढली. आत एक बाई, अंबाडा बांधलेली, हात कमरेवर, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"ही तर तुम्हीच!"

आता हे खरंय की गावात शेवटचं दार माझंच असतं. चर्चच्या आधीचं घर माझं. आई गायची, ती गेल्यावर मी. मी बंद दारामागून गायला लागले की गल्लीतली कुत्री पलंगाखाली शिरतात, असं फादर स्वतः म्हणतात. त्यात मी माझ्या पदरच्या चार शिव्याही घालते, लोक तेवढ्यासाठी थांबतात. पण म्हणून काय पुस्तकात छापायचं? आणि माझं तोंड असं नाही.

२२ नोव्हेंबर

शनिवारची गोष्टीची बैठक. मिसचं म्हणणं, नमुने पोरांच्या हातात द्यायचे आणि कुठलं पुस्तक पुन्हा पुन्हा उचलतात ते बघायचं.

ग्लोरीबेल आली होती, पोरीला घेऊन.

लिहावंच लागेल. ग्लोरीबेल माझ्या रोडेलची बायको. रोडेल माझा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी वाऱ्याच्या दिवसांत होडी घेऊन गेला, होडी परत आली, तो नाही. त्या पहाटे तो झोपलेला होता. वारा एवढा होता, झोपूनच राहिला असता. हिनं त्याला उठवलं. बस. मला एवढं पुरे आहे. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, लोकांनी भात खाल्ला, भांडी घासून झाली आणि मी हिचं गाठोडं पायरीवर ठेवलं. तेव्हापासून ती बेकरीच्या मागच्या खोलीत राहते, तिथंच पाव भाजते. मला नानाय म्हणायची, म्हणजे आई. ते पण बंद करवलं. आता गावासारखी मानांग म्हणते. माझ्या पायरीवर तिचं पाऊल नाही, पुढंही नसेल.

पोर चार वर्षांची. मायमाय म्हणतात. गाठोडं ठेवलं तेव्हा ती दोनची होती, तिला काय आठवतंय.

तर ही मायमाय. बाकीची पोरं बर्फावर तुटून पडली आणि हिनं ते दारांचं पुस्तक मांडीवर घेतलं. मधली सगळी दारं सोडून शेवटचं दार. फीत ओढली. अंबाडेवाली बाई. हिनं आधी चित्राकडं पाहिलं, मग मान वर करून, मी जिथं बादली घेऊन उभी होते तिकडं पाहिलं. "लोला!"

बंद केलं. उघडलं. "लोला!" पुन्हा बंद. पुन्हा उघडलं. दर वेळी अशी दचकायची, जणू आत दुसरंच कोणी निघालं असतं. आया हसायला लागल्या.

"मायमाय, पुरे," ग्लोरीबेल म्हणाली.

पुरे कसलं. मला लोला, म्हणजे आजी, म्हणायला हिनंच शिकवलं असणार. पोरीच्या तोंडून मला वेडावून दाखवते. चांगली शिकवण आहे.

२८ नोव्हेंबर

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या शेवटच्या दारावर कापडी टेप लावली. फितीसकट. चारी बाजूंनी. पातळ कागद आहे, मजबूत केला.

२९ नोव्हेंबर

आज नको ते झालं.

मायमाय आली ती थेट त्याच पानाला. दार उघडेना. फीत सापडेना. मिस तिकडं गोष्ट सांगतेय, पोरं ओरडतायत, आणि ही कोपऱ्यात नखानं टेप खरवडतेय. मी पाहत होते. गोष्ट संपली, लिंबू सरबत वाटून झालं, तरी हिचं खरवडणं चालूच. मग दात लावले. आणि टर्र. अर्धं दार हातात आलं, बरोबर आतल्या बाईचा जबडा पण.

नेमकी आज अध्यक्षीणबाई फोटोवाल्याला घेऊन आली होती. "अगं अगं अगं! नमुन्याची प्रत ती! कोणाची पोरगी ही?" ग्लोरीबेलला पाहिलं तसं तोंड आणखी वाकडं केलं. "असल्यांच्या पोरांना आत घेताच कशाला मिस? पुढच्या शनिवारपासून हिला नका बसवू."

ग्लोरीबेल पुढं झाली. पोरीला उचललं आणि तिच्या केसांतून हात फिरवत उभी राहिली. पोर रडत नव्हती. हातातला कागदाचा जबडा परत जागेवर लावायला बघत होती.

मी बादली ठेवली.

"टेप मी लावली होती," मी म्हटलं. "डबल. मोठ्या माणसाला निघाली नसती. पोर काय करणार?"

"तुम्ही मधे पडू नका मानांग."

"पडणार. आणि असल्यांची म्हणजे कोणाची? दोरोमाल आडनाव आहे तिचं. माझ्या मुलाचं. तुमचे साहेब मतं मागायला येतात तेव्हा माझ्या दारातच उभे असतात, तेव्हा नाही म्हणत असले-तसले!"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. शहाणा आहे. मिस तुपास म्हणाली, मायमाय येत राहील, तो विषय संपला. ग्लोरीबेल माझ्याकडं बघायला लागली तशी मी फरशी पुसायला मागं गेले. फरशी आधीच पुसलेली होती.

तिच्यासाठी नाही बोलले. आडनावासाठी बोलले.

२ डिसेंबर

आज मत दिलं. मिस तुपास दारांच्या बाजूनं, अध्यक्षीणबाई बर्फाच्या. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी बर्फ म्हटलं.

मिसचा चेहरा उतरला. "मानांग, बर्फ पाहिलाय का कधी आपण कोणी?"

"झडप जाड आहे."

"पण मुलांना ती गोष्ट..."

"चिकटवते कोण? मग?"

अध्यक्षीणबाईनं माझ्या खांद्यावर थोपटलं. शनिवारचं विसरली वाटतं. तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा मत परत घ्यावंसं वाटलं, पण दिलेलं मत मी बदलत नाही.

फाटका नमुना आता परत जाणार नाही. मिस म्हणाली, मायमायला देऊन टाकू, तिच्याशिवाय कोणी एवढं वाचलेलं नाही. आणि मला म्हणते, तेवढं चिकटवून द्या.

घरी आणलं. फाटकं पुस्तक बाहेर गेलं तर नाव माझं जातं, म्हणून बसले. दार नव्या पुठ्ठ्याचं केलं. फीत तुटली होती, तिथं माझ्या अंबाड्याची लाल नाडी कापून शिवली, आता बैलानं ओढली तरी तुटणार नाही. जबडा चुरगळलेला होता, तो टाकून पेनानं नवा काढला. चित्रकला मला येत नाही. तोंड जरा वरच्या बाजूला वळलं. खोडून बघितलं तर कागदाला भोक पडायला लागलं. राहू दिलं.

९ डिसेंबर

तोन्यांग भाजी उसनी मागायच्या निमित्तानं आली. हिला भाजी नको असते, बोलायचं असतं.

"ऐकलंस का? तुझी सून चालली."

"माझी सून नाही."

"पलीकडच्या बेटावर, बापाकडं. सव्वीसच्या दुपारच्या बोटीनं. कायमची. बेकरीवाल्याला सांगून झालं. म्हणते, इथं कोणासाठी राहू?"

"मग जाऊ दे की."

"पोर पण जाणार."

"पोर काय इथं ठेवून जाईल?"

"मी आपलं सांगितलं," तोन्यांग म्हणाली आणि भाजी न घेता गेली.

जाऊ दे. बेकरीच्या मागच्या खोलीत धूर असतो, पोर सारखी खोकते. बापाकडं तरी हवा बरी असेल.

१६ डिसेंबर

आजपासून नाताळच्या नऊ पहाटेच्या मिस्सा, चर्चमधल्या प्रार्थना. चर्चबाहेर बेकरीवाल्यानं टेबल मांडलंय, ग्लोरीबेल तिथं केळीच्या पानावरचे तांदळाचे केक भाजत होती. मी दरवर्षी तिथलाच केक घेते, म्हणून घेतला. तिनं वरच्या थरातला गरम काढून दिला. मी म्हटलं, खोबरं कमी आहे. तिनं आणखी घातलं. एवढंच बोलणं.

मायमाय पिठाच्या पोत्यावर बसली होती, पुस्तक घेऊन. खाली उतरली, माझा हात धरला आणि कपाळाला लावला. मोठ्यांच्या पाया पडायची आमची हीच रीत आहे, तिच्यात काही विशेष नाही. माझ्या दुसऱ्या हातात केक होता. हात सोडवायचा तर केक पडला असता. कपाळ गरम होतं. भट्टीपाशी बसवतात कशाला पोरीला?

२० डिसेंबर

बर्फाच्या पुस्तकाची पहिली बैठक. लिहायला लाज वाटते.

मिसनं पहिलं पान उघडलं. "हे पांढरं काय आहे, मुलांनो?"

"किसलेला नारळ!" एकजण म्हणाला. मग सगळेच नारळ, नारळ.

धुराड्यातून उतरणाऱ्या लाल म्हाताऱ्याला पाहून दोघं रडली. एकीनं विचारलं, हा चोर दारातून का येत नाही? झडपा तर इतक्या जाड की लहान बोटांना उचलेनात. पोरं एकेक करून उठली आणि बाहेर पायऱ्यांवर गेली. तिथं मायमाय बसली होती. तिच्याभोवती कोंडाळं, आणि तिचं चालू, "इथं नाही... इथं पण नाही... आता ओढा!" सगळ्यांनी मिळून नाडी ओढली. "लोला!" गावातली पोरं मला लोला म्हणून ओरडतायत.

मिसनं माझ्याकडं पाहिलं. म्हटलं, "बघू नका. एकही झडप फाटली नाही ना?"

"नाही मानांग. कोणी उघडलीच नाही."

हिला बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

२५ डिसेंबर

कालचं आज लिहितेय. काल लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

अंधार पडल्यावर सोंग निघालं. माझं दार जुनं आहे. आतल्या कडीला दोरी बांधलेली, ती भोकातून बाहेर लोंबते, ओढली की कडी उचलली जाते. दरवर्षी पहिलं काम म्हणजे ती दोरी आत ओढून घेणं. काल राहिलं. फिश सॉसची बाटली सांडली होती, ती पुसण्यात राहिलं. दुसरं काही कारण नाही.

गाणं जवळ आलं. योसेफ म्हणजे न्हाव्याचा मुलगा, आवाज चिरका. जागा द्या, बायको दमलीय, वगैरे. मी दारामागं उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, त्याशिवाय आवाज निघत नाही, आणि सोडला आवाज.

"या घराला पाहुणा नाही, पुढची वाट धरा! पायरीवरती बसू नका, चिखल होतो घरा!"

लोक हसले. मी दुसरं कडवं घेतलं. "रात्र झाली तर झाली, माझं काय त्यात? कोण कुठल्या..."

आणि दोरी हलली.

दोरी ओढली गेली, कडी उठली, आणि दार सताड उघडलं. आजपर्यंत कधी असं झालं नव्हतं. हे दार उघडायचंच नसतं, उघडलं तर मरिया गोठ्यात जाणार कशी? बाहेर सगळं गाव मेणबत्त्या घेऊन उभं. योसेफचं तोंड उघडं ते उघडंच. फादरांनी कपाळावर हात मारला. मी घरातल्या झग्यात, हात कमरेवर, तोंडात अर्धं कडवं.

दोरी हातात घेऊन मायमाय उभी होती.

"आहे!" ती मागं वळून सगळ्या गावाला म्हणाली. "आतमध्ये आहे! लोला आहे!"

कोणी हसलं नाही. गर्दीत ग्लोरीबेल दिसली, पुढं यायला निघाली होती आणि पायरीपाशी थांबली होती. पायरीवर पाऊल ठेवलं नाही. मीच ठेवू नकोस म्हटलं होतं.

मी म्हटलं, "दार लाव, डास येतायत."

तिनं लावलं. दोन्ही हातांनी, इतकं जोरात की वरची बिजागरी निखळली. लावलं, पण आतून. आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, हात कमरेवर.

बाहेर मग योसेफनं बिचाऱ्यानं पुन्हा सुरुवात केली. मला पुरं करणं भाग होतं. मी गायले, "जागा नाही, जागा नाही," आणि ही माझ्याबरोबर, अगदी आनंदानं, "नाही! नाही! नाही!" एवढ्या जोरात हाकललं आम्ही की मरियेला सुद्धा हसू आवरेना. पण माझा आवाज मधेच फुटला. शनिवारच्या सरबतानं घसा बसलाय.

मिरवणूक चर्चकडं गेली. दार वाकडं लोंबत होतं, फटीतून ग्लोरीबेलचा अर्धा चेहरा दिसत होता.

"मानांग, तिला पाठवा बाहेर."

"तिला भूक लागलीय," मी म्हटलं. विचारलं नव्हतं तिला.

"मिस्सेनंतर जेवेल ती."

"तोवर भात गार होईल. आणि तू अशी उंबऱ्यात उभी राहू नकोस. आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा. डास येतात म्हणून सांगितलं ना!"

ती आत आली. चप्पल कुठं काढायची ते विसरली नव्हती. जेवताना फोटोखाली बसली. रोडेलचा फोटो. भात बोटानं चिवडत राहिली. मग म्हणाली, "मी नव्हतं उठवलं. मी उठले तेव्हा तो जाळं खांद्यावर टाकून उभाच होता. म्हणाला, गप्प झोप, नानाय जागी होईल."

मी म्हटलं, "भात घे."

मायमाय पानावरच झोपली. एवढ्या पोरीला उचलून बेकरीपर्यंत कोण नेणार, म्हणून चटई घातली. आता सकाळ झाली, दोघी अजून झोपल्यात. उठवलेलं नाही.

२६ डिसेंबर

कालची रात्रही दोघी इथंच होत्या. सकाळी ग्लोरीबेल बेकरीवर जाऊन गाठोडं घेऊन आली. दुपारची बोट. पोरीला घ्यायला आली होती. पोर पलंगाखाली, पुस्तकासकट. दार अजून तसंच एका बिजागरीवर लोंबत होतं, येता-जाता कण्हत.

"येते मानांग," ती म्हणाली.

"ये की. जायचं तर जा, मी कोणाला धरलेलं नाही. पण हे दार? कोणी मोडलं? तुझ्या पोरीनं. मोडायचं आणि बोटीत बसायचं, ही कुठली रीत? कोण दुरुस्त करणार? मी? या वयात?"

तिनं दाराकडं पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग गाठोडं खाली ठेवलं. पायरीवर नाही, आत.

"हातोडी कुठंय, नानाय?"

हातोडी कुठं आहे ते मला माहीत आहे. तांदळाच्या डब्यामागं. म्हटलं, मला नाही माहीत, शोध.

शोधतेय. सगळं घर उलथंपालथं केलंय दोघींनी, कपाटं उघडतायत, झाकणं उचलतायत. शोधू दे. बोट काही थांबत नाही.